हरणाचे मागचे पाय

मित्रांनो, माझ्या पाठीवर हरणाचे मागचे दोन पाय रंगवलेले आहेत. पुढचे पाय आणि डोके माझ्या बहिणीकडे गेले. एकेकाळी आम्ही दोघी मिळून अमेरिकेत मिनेसोटातल्या एका रस्त्याच्या कडेची पिवळी पाटी होतो, पुढे हरणे आडवी येतात असे गाड्यांना सांगणारी. एका हिवाळ्यात बर्फ ढकलणारा ट्रक आमच्यावर आला, खांब मोडला आणि आम्ही भंगारात पडलो. तिथून ऑर्विल टॉर्गरसनने आम्हाला घरी नेले. आता मी एक जुनी झडप आहे. बोटीमागे लाट उभी करणे हे माझे काम.

ऑर्विलने चाळीस वर्षे धान्याच्या उंच कोठारात यंत्रे दुरुस्त केली होती. तिथल्या आवाजाने त्याचे कान अधू झाले, समोरून किंवा फोनवर मोठ्याने बोलले तरच ऐकू यायचे, पण हात शाबूत होते. तळ्याकाठी घर, एक जुनी बोट आणि शहरातल्या ग्रंथालयात नोकरी करणारी मुलगी, मार्नी, एवढा त्याचा संसार. मार्नी सहा वर्षांची असल्यापासून तो तिला दोरीने बोटीमागे स्कीवर, म्हणजे पायांत बांधायच्या लांब फळ्यांवर, ओढत असे. चाळिशीत तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्की भिंतीला लागली. त्या उन्हाळ्यात ती एकदाच आली, तीही कामाचे कागद घेऊन.

पुढच्या हिवाळ्यात ऑर्विलने पाटी करवतीने मधोमध कापली आणि आम्ही दोघी झालो.

बोट चालते तेव्हा दोन्ही बाजूंचे पाणी मागे एकमेकांवर आपटते आणि नुसता फेस होतो. एका बाजूचे पाणी क्षणभर अडवून उशिरा सोडले, तर दुसऱ्या बाजूला उंच, नितळ लाट तयार होते. तिच्यावर फळी टाकून दोरीशिवाय उभे राहता येते आणि गुडघ्याला हिसका बसत नाही. हे पाणी अडवायला त्याने बोटीच्या मागच्या भिंतीवर, दोन्ही टोकांना, आम्हाला बिजागऱ्यांवर बसवले. प्रत्येकीला ढकलायला एक मोटरचा दांडा दिला आणि चालकाच्या खुर्चीखाली गळ ठेवायच्या डब्यात एक छोटा इलेक्ट्रॉनिक मेंदू. बोटीने ताशी दहा मैल वेग गाठला की आमच्यातली एक आपोआप बाहेर वळायची. बोट थांबली की मिनिटभराने आत मिटायची. कोणी बटण दाबायचे नाही, याचाच त्याला अभिमान होता.

शेजारचा लायल स्वतःच्या कोऱ्या बोटीतून आम्हाला पाहून हसला होता.

"काय रे ऑर्विल, हरणाचे पाय लावलेस बोटीला? आता उड्या मारणार का ही?"

"तुझ्या बोटीला पडदा आहे ना मोठा? त्यावर सिनेमा बघ. आम्ही जातो लाटेवर."

आणि खरोखरच ऑर्विल आणि मार्नी गेली. पोत्यांत वाळू भरून बोट जड केली होती. मी बाहेर वळले, पाणी माझ्या अंगावर आदळले आणि पलीकडे कमरेइतकी लाट उभी राहिली. तिच्यावर मार्नी दोन्ही हात पसरून ओरडत होती. ऑर्विलला ते ऐकू येत नव्हते, पण आरशात दिसत होते. त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले उन्हाळे.

कोठारातला एक नियम ऑर्विलने बोटीवर आणला होता. तिथे जो माणूस धान्याच्या हौदात उतरेल, त्याच्याच खिशात यंत्राची किल्ली असायची, म्हणजे वर कोणी चुकून यंत्र सुरू करू शकत नसे. बोटीच्या किल्लीलाही त्याने बुचाचा गोळा आणि दोरी बांधली होती. दुरुस्तीसाठी जो पाण्यात उतरेल, त्याने ती गळ्यात घालायची. मार्नी कंटाळायची, पण घालायची.

त्याची चूक नियमात नव्हती. एकदा बाहेर राहिलेली झडप धक्क्याच्या खांबावर आपटून वाकली होती. इंजिन बंद असतानाही आम्ही मिटावे म्हणून त्याने मेंदूची तार सरळ बॅटरीला जोडली. म्हणजे किल्ली काढली तरी आम्ही जाग्याच होतो. हे तो विसरला होता. नियमावर त्याचा इतका विश्वास होता की पुन्हा तपासावे असे त्याला वाटलेच नाही.

ऑगस्टच्या एका दुपारी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये पाणगवताचा बोळा अडकला. मला मिटता येईना. इंजिन बंद झाले.

"डॅड, किल्ली दे. मी काढते गवत."

"गळ्यात घाल आधी."

"घातली रे बाबा, घातली. बघ."

ती पाण्यात उतरली. मी हातभर खोल होते. तिने हनुवटी पाण्याला टेकवून हात खाली घातला आणि गवत उपसू लागली. डब्यातला मेंदू दर मिनिटाला मला पुन्हा ढकलून पाहत होता. दांडा गुरगुरायचा, थांबायचा. पुढे नांगराची दोरी गुंडाळणाऱ्या ऑर्विलला तो आवाज ऐकूच येत नव्हता. शेवटचा झुबका निघाला तेव्हा तिची बोटे त्याच फटीत होती. मेंदूने पुन्हा ढकलले आणि मी मिटू लागले. सावकाश, पण न थांबता.

ती किंचाळली. ऑर्विलची पाठ वळलेली होती.

तेवढ्यात दुरून गेलेल्या एका बोटीच्या लाटा आल्या. बोटीची मागची बाजू खाली गेली आणि तिच्याबरोबर मार्नीचे तोंड पाण्याखाली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली. मोकळ्या हाताने ती बोटीवर धपाधप मारू लागली. ते हादरे ऑर्विलच्या तळपायांना कळले.

तो धावत आला. त्याची नजर आधी किल्लीच्या रिकाम्या भोकाकडे गेली. किल्ली तिच्या गळ्यात होती. नियम पाळला गेला होता, तरी मी मिटत होते.

"सोडव! डॅड, सोड..." पुढचे शब्द पाण्यात गेले.

मला उघडायला बटणच नव्हते. त्याने चाकूने डब्यापासून तारा तोडल्या. ढकलणे थांबले, पण पकड सुटेना. वीज उलटी दिली तरच दांडा मागे जाणार होता. मात्र दांड्यांच्या चारही तारा एकाच नारिंगी रंगाच्या होत्या, जुन्या वायरीतून वाचवलेल्या. त्याने दोन उचलून बॅटरीला टेकवल्या. ठिणगी उडाली आणि पलीकडे माझी बहीण उघडली. मार्नी पुन्हा पाण्याखाली गेली. त्याने उरलेल्या दोन टेकवल्या. मी आणखी आवळली गेले. खालून बुडबुडे आले, आवाज आला नाही. त्याने तारांची अदलाबदल केली.

मी उघडले.

मार्नी वाचली. उजव्या हाताचे मधले बोट मात्र त्यानंतर कधी वाकले नाही. काठाकडे परतताना ती म्हणत होती, "सरळच राहिलं तरी पुस्तक धरायला चालेल की हे. उलट पानात खूण ठेवायला बरं." ऑर्विल हसला नाही. त्याच संध्याकाळी त्याने आम्हा दोघींना काढले आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली टाकले.

दोन उन्हाळे गेले. फोनवर मार्नी विचारायची, "डॅड, बोट काढायची का या शनिवारी?" तो म्हणायचा, "पुढच्या." तिला वाटले, त्याचे मन उडाले. तीही मग कमी विचारू लागली.

मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून चालण्याजोगा असताना, ऑर्विल गेला.

मे महिन्यात मार्नीने गॅरेज उघडले. आम्ही डब्यांखाली नव्हतो. जाड लाकडी चौकटीवर बसवलेल्या होतो, घासूनपुसून, नव्या बिजागऱ्यांसह. चार तारा चार रंगांच्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि ऑर्विलचे अक्षर: डावी आत, डावी बाहेर, उजवी आत, उजवी बाहेर. आम्हाला उघडायला एक लाल बटण होते. आणि मेंदूची तार आता बॅटरीला जात नव्हती, किल्लीतून जात होती, म्हणजे किल्ली काढली की आम्हीही झोपणार. मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. तिने मोजल्या, दोनशे अकरा.

"हे काय आहे?" तिने दारात आलेल्या लायलला विचारले.

लायलने टोपी काढली. "गाजरं."

"काय?"

"दोन हिवाळे माझ्या तळघरातली गाजरं नेत होता. मी म्हटलं, अरे, ससा पाळलास की काय? तर म्हणे, सूप करतो. एकदा डोकावलो तर किल्ली काढून फटीत गाजर धरून बसला होता. घड्याळ बघत. मी म्हटलं, झालं की आता, बसव बोटीला. तर म्हणाला, अजून एकदा बघतो."

मार्नीने रेघा पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. मित्रांनो, मला तिच्याशी बोलता आले असते तर मी सांगितले असते, की त्या दोनशे अकरापैकी एकही गाजर मी चिरडले नाही. आणि तुम्हालाही एवढेच सांगते: आपोआप चालणारी वस्तू बनवाल तेव्हा ती थांबवायची सोय आधी करा. आणि कोणी 'पुढच्या शनिवारी' म्हणाले, तर एकदा त्याच्या गॅरेजमध्ये डोकावून या.

जूनमध्ये लायलने आणि तिने आम्हाला पुन्हा बोटीला बसवले. तळ्याच्या मध्यावर, मी बाहेर वळलेली असताना, तिने इंजिन बंद केले, किल्ली काढली, गळ्यात घातली आणि पाण्यात उतरली. हनुवटी पाण्याला टेकवून तिने हात खाली घातला. न वाकणारे बोट तिने माझ्या फटीत, त्याच जागी ठेवले.

"मार्नी, वेडी आहेस का? गाजर आणलंय मी!" लायल वरून ओरडला.

"घड्याळ बघ तू."



"मिनिट झालं," लायल म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "दोन झाली. काढ आता."

"अजून एकदा बघते," ती म्हणाली.

मी हलले नाही.