ओतून दिलेलं दूध

शेवंडांचा हंगाम संपला, सापळे धक्क्यावरून परसात येऊन रचले गेले, आणि रेमीच्या हातात पोर आली. त्याच्या बायकोची, मिरेयची, बाळंतपणाची रजा संपली होती. शहरातल्या वृद्धाश्रमात माणसं कमी पडत होती, तिला बोलावणं आलं. पोरीला, ओडिलला, नुकतेच सहा महिने पूर्ण झाले होते आणि तोवर ती फक्त आईच्या अंगावर पीत होती.

"काय रे रेमी, आता तुला पान्हा फुटायचा का?" धक्क्यावर दोस्तांनी टवाळी केली.

"बघाच," तो हसून म्हणाला. वीस वर्षं समुद्र झेललेला गडी, हातभर पोरीला काय भ्यायचं?

पहिल्याच दिवशी पोरीनं त्याला पाणी पाजलं. मिरेयनं काढून ठेवलेल्या दुधाची बाटली तोंडाशी नेली की ती मान फिरवी, पाठ ताणून किंचाळे. त्यानं गाणी म्हटली, अंगणात फिरवलं. वास ओळखीचा वाटेल म्हणून मिरेयचा स्वेटर खांद्यावर घेतला, त्या स्वेटरात तो कसा दिसत होता हे कुणी पाहिलं नाही हे बरं झालं. शेवटी कंटाळून त्यानं डब्यातल्या तांदळाच्या पिठाची घट्ट पेज केली, त्यात केळं कुस्करलं. ओडिल चमच्याला लागली ती वाटी चाटूनच थांबली. मग झोपली. त्याच्या खांद्यावर, पहिल्यांदा.

बाटल्या तशाच भरलेल्या राहिल्या.

मिरेय कामाच्या मधल्या सुट्टीत कपडे धुवायच्या खोलीत, उलट्या बादलीवर बसून ते दूध काढायची. तिला या भरलेल्या बाटल्या कशा दाखवायच्या? पोर माझ्या हातून पीत नाही, हे कसं सांगायचं? तिची गाडी वळणावर दिसली तसं त्यानं दूध बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला.

"प्यायली सगळं?" तिनं दारातूनच विचारलं.

"थेंब ठेवला नाही."

तिचा दिवसभराचा शिणवटा उतरला. ते पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी खरं सांगणं आणखी अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून. ओतायची सवय लागली. पेज मात्र घट्ट होत गेली, कारण घट्ट पेजेवर पोर जास्त झोपे. आई घरी आली तरी आता ओडिल दोन घोट घेऊन तोंड बाजूला करायची.

मग शी अडली. नुसत्या दुधावर होती तेव्हाही ती कधी कधी चार-पाच दिवस शी करत नसे, पण व्हायची तेव्हा मऊ व्हायची. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनंच काळजी नको म्हणून सांगितलं होतं. तोच धीर रेमी स्वतःला देत राहिला. पण आता पोर पाय पोटाशी घेऊन लालबुंद होईस्तोवर कुंथायची, आणि निघायच्या त्या शेळीच्या लेंड्या. एकदा लेंडीवर रक्ताची रेघ दिसली. रेमीनं डायपर घट्ट गुंडाळला आणि घरच्या कचऱ्यात न टाकता धक्क्यावरच्या पिंपात नेऊन टाकला. परत येताना आपण चोरासारखे चालतोय हे त्याचं त्यालाच कळत होतं.

पंधरा ऑगस्टला गावच्या सणाच्या रिवाजाप्रमाणे सगळं गाव भांडी बडवत रस्त्यावरून फिरलं आणि मग मिरेयच्या ब्लांशमावशीच्या अंगणात जेवायला बसलं. कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं नुकतं उतरलं होतं, तोच आईच्या मांडीवर ओडिल कुंथायला आणि टाहो फोडायला लागली. बायका जमल्या.

"तुझं दूधच बाधतंय गं हिला," ब्लांशमावशी साऱ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझ्या आईचंही असंच जड होतं. कोबी खातेस का?"

"कधीतरी..."

"सोड! चहा पण सोड. आणि साबणाची कांडी लाव मागून पोरीला, आत्ता होईल मोकळी."

मिरेयनं खाली मान घालून ताटली दूर सारली. समोर बसलेल्या रेमीच्या तोंडात बटाट्याचा घास होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं घास गिळला आणि पाव मागितला.

दोन दिवसांनी मिरेय पोरीला दवाखान्यात घेऊन गेली, त्यालाही ओढून नेलं. नर्स मादाम कोर्मिएनं पोट चाचपलं, खाली पाहिलं. "बारीक चीर पडलीय. भरून येईल. रक्त दिसलं होतं का?"

"नाही," मिरेय म्हणाली. रेमी भिंतीकडे बघत होता.

"खाते काय?"

"पेज. केळं. पेज," तो म्हणाला.

"त्यानं तर धडधाकट गड्याचंही गाडं अडेल! दूध किती जातं?"

"माझ्यामागं तीन बाटल्या," मिरेय म्हणाली, "शिवाय मी असते तेव्हा अंगावर."

नर्सनं रेमीकडे पाहिलं. "तिन्ही पिते?"

"हो."

"नवल आहे. बरं, तांदूळ आणि केळं सध्या बंद. भिजवलेल्या आलुबुखाराचा नाहीतर नासपतीचा गर द्या, ओटची पातळ लापशी द्या. आधी दूध, मग खाणं, खाताना दोन घोट पाणी. कोमट पाण्यात बसवा, पाय सायकलसारखे फिरवा. साबण-बिबण काही लावायचं नाही, औषध आम्हाला विचारल्याशिवाय नाही. परत रक्त दिसलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर तडक इकडं या."

गाडीत बसल्यावर मिरेयनं पट्टा ओढला आणि तसाच हातात धरला. "एवढं दूध पोटात जाऊनही पोर कोरडी ठणठणीत. म्हणजे मावशीचंच खरं. उद्यापासून मी दूध काढत नाही. डब्याचं आण."

"तुझ्या दुधाचा दोष नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"ती पितच नाही, मिरेय. माझ्याकडून घेतच नाही. मी ओतून देतो."

"कुठं?"

"बेसिनमध्ये. पहिल्या दिवसापासून. आणि... रक्तही दिसलं होतं."

तो आरडाओरड्याची वाट पाहत होता.

"मी त्या बादलीवर बसून..." ती म्हणाली आणि थांबली. "परवा मावशी सगळ्यांसमोर बोलत होती. तू समोरच होतास ना?"

"होतो."

"पीत नाही एवढंच म्हणाला असतास, तर मी तुला खाल्लं असतं का?"

"लाज वाटली."

"तुझी लाज झाकायला पोरीचं ढुंगण फाडलंस. चल घरी."

सकाळी तिनं बाटली काढलीच नाही. दूध लहान कपात ओतून ओठाला लावलं. ओडिलनं निम्मं गळ्याखाली सांडलं, निम्मं प्यायली. "असं पाज," एवढंच बोलून ती कामावर गेली. दिवसभर रेमीनं कप धरला, आलुबुखार भिजवून चाळणीतून काढले, पोरीला कोमट पाण्यात बसवलं. दुसऱ्या दुपारी स्वैपाकघरात टॉवेलवर निजवून तो तिचे पाय फिरवत होता, तेव्हा तिनं एक मोठा पाद सोडला आणि मागोमाग सगळं मोकळं झालं. टॉवेल, जमीन, त्याची बाही. पोर खुदकन हसली. हा दाढीवाला गडी जमिनीवर बसून रडला, मग त्यानं फोन लावला.

"झाली. मऊ."

"बरं," मिरेय म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं सांगायला तो ब्लांशमावशीकडे गेला तेव्हा ती शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण हात थांबवले नाहीत.

"मी बोलले ते चारचौघांत," ती म्हणाली. "तू मात्र कानात सांगायला आलास?"

रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर माणसं रेंगाळली होती, तिथं त्यानं सांगितलं. दूध चांगलं होतं, मीच ओतत होतो. एक-दोन बायकांनी जीभ चावली. धक्क्यावरच्या दोस्तांतला एक म्हणाला, "मासे तरी ठेवतोस का रे, की तेही ओततोस?" आणि हशा पिकला. रेमीचे कान पेटले, पण तो जागचा हलला नाही. ब्लांशमावशी मिरेयपाशी गेली, काहीतरी पुटपुटली, तिचा दंड दाबला.

गाडी घराच्या वाटेला लागली. पुलापाशी मागच्या सीटवरून आवाज आला, पाठोपाठ वास. मिरेयनं काच खाली केली.

"थांबव गाडी," ती म्हणाली. "डायपर मी बदलते."

"मी बदलतो."

"नको. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि ओल्या टिश्यूंचं पाकीट हातात धरून तिच्या शेजारी उभा राहिला.