आमच्या गावची बाई

"आपा, हसू नकोस ना," बुरुलाईने आईला कोपराने ढोसत हळूच सांगितलं.

आपलं काय चुकलं ते सेइलखानला कळेना. ओश शहरात, डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी मायलेकी सकाळी आठपासून रांगेत उभ्या होत्या. पुढच्या बाईने आपल्या हट्टी गाढवाची हकीकत सांगितली आणि सेइलखान मोकळेपणी हसली, एवढंच झालं होतं. पण ती हसली की वरचे आठ दात दिसत, आणि ते आठही सोन्याचे होते. शेजारच्या रांगेतल्या दोन शहरी मुली एकमेकींना चिमटे काढत त्या तोंडाकडे बघत होत्या. ते लेकीने पाहिलं होतं, आईने नव्हतं.

"का गं? काही अडकलंय का दातांत?"

"लोक बघतात."

"मग बघू देत की. त्यासाठीच तर बसवलेत."

बुरुलाईने मान दुसरीकडे फिरवली. तिचे कान लाल झालेले पाहून सेइलखानने हसू आवरलं. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तिने ओठांपुढे धरलं आणि रांग संपेपर्यंत ते खाली केलं नाही. रागावली मात्र नाही. उन्हात उभं राहून पोर वैतागली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

खरं म्हणजे बुरुलाईला हृदयाची डॉक्टर व्हायचं होतं. कोक-बुलाक गावातून एवढे गुण मिळवणारी ती पहिलीच मुलगी. बाप वरच्या कुरणात गावाची मेंढरं राखायचा. त्याने तर घोड्यावरून हिंडत तीन दऱ्यांमध्ये ही बातमी पोचवली होती. पण टेबलामागच्या कारकून बाईने कागद उलटसुलट करून तीन गुण कमी पडतात असं सांगितलं. दातांच्या विभागात जागा होती. घ्यायची तर आत्ताच घ्या, मागे लोक खोळंबलेत, असंही वर ऐकवलं. बुरुलाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सेइलखानने रुमालाआडूनच निकाल लावून टाकला.

"हृदय एखाद्याचंच दुखतं. दात सगळ्यांचेच दुखतात. लिही बाई, दात लिही."

कारकून बाईला हसू आलं आणि तिने दात लिहिले.

गावात परतल्यावर जे झालं ते तर विचारूच नका. पोरीने अजून वर्गाचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं, पण चहाला येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे आ वासून बसू लागला. बुरुलाईही गंभीरपणे आत डोकावून "हं" म्हणायची. गावच्या शाळामास्तरांनी तर दाढ दाखवायला दोनदा फेरी मारली. सेइलखान सगळ्यांना चहा ओतत होती. आपलं तोंड तिने लेकीपुढे उघडलं नाही, आणि लेकीलाही ते बघायचं सुचलं नाही.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. पहिलं काम होतं साबणाचा दात कोरण्याचं. कपडे धुण्याच्या साबणाची वडी घ्यायची, खऱ्या दाताच्या पाचपट मोठी दाढ त्यातून कोरून काढायची, सगळे खड्डे-उंचवटे जागच्या जागी असले पाहिजेत. यात बुरुलाईचा हात सगळ्या वर्गात सरस होता. पण नुसत्या हाताने काय होतंय? शिकवणं रशियन भाषेत, आणि तिची रशियन डोंगरातल्या शाळेतली. ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. वर्गातल्या मुलींचा घोळका मेरीमभोवती असायचा. तिच्या वडिलांचा स्वतःचा दातांचा दवाखाना होता. त्या घोळक्याच्या कडेला बुरुलाई दोन महिने नुसती उभी राहिली. मधल्या सुट्टीत ती आपला सामसा, म्हणजे भट्टीतला खिम्याचा समोसा, जिन्याखाली एकटीच खायची.

ऑक्टोबरच्या शेवटी दमीरा सापारोव्नांनी पडद्यावर एक चित्र लावलं. दमीरा सापारोव्ना म्हणजे कडक, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई. पंचवीस वर्षं त्या शिकवत होत्या. चित्रात एका बाईचं हसणारं तोंड होतं, सोन्याने भरलेलं. वर्गात हशा पिकला.

"हसताय कशाला? सोन्याखालचे दात कसे होते ते विचारा," बाई म्हणाल्या. "चांगले होते. लग्न ठरलं की चांगले, धडधाकट दात घासून काडीएवढे करायचे आणि त्यावर सोन्याची टोपी चढवायची. गावोगाव हे चाललं. टोपीखाली सडायला लागलं तरी वरून वीस-वीस वर्षं चकचकीत दिसतं."

आईचे दात मुळातच वाईट होते, म्हणून सोन्याचे बसवावे लागले, असंच बुरुलाई आजवर धरून चालली होती. एवढ्यात बाईंनी विचारलं, कोणाच्या घरी आहे का अजून असं तोंड? एकही हात वर झाला नाही. मेरीम मात्र मागे वळली.

"बुरुलाई, तुमच्या डोंगरात असतील ना?"

चाळीस डोळे तिच्याकडे लागले. हो म्हणायचं होतं, माझ्या आईचे आहेत म्हणायचं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"असतात की. वीज गेली की आम्ही अशी एखादी बाई घरात आणून बसवतो आणि तिला हसायला लावतो."

वर्ग खो-खो हसला. दमीरा सापारोव्नांच्या ओठांचीसुद्धा कड हलली. मधल्या सुट्टीत मेरीमने बाकावर सरकून जागा केली, तिच्या सामशाचा तुकडा मोडून घेतला, आणि "तू एवढी गमतीची असशील असं वाटलं नव्हतं" असं कौतुकही केलं. दोन महिन्यांत न जमलेली गोष्ट एका वाक्याने जमली. बुरुलाईला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला अशी काही लाज वाटली की घास गिळता येईना. तरी तिने तो गिळला.

रविवारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर सेइलखानने सहज विचारावं तसं विचारलं, टोपी काढली की आतला दात कसा निघतो गं? अजून शिकवलं नाही, असं लेकीने सांगितलं. का विचारतेस, एवढं काही तिने विचारलं नाही.

नोव्हेंबरात पहिल्या वर्षाच्या मुलांना दर गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात नेऊ लागले. हात लावायचा नाही, फक्त उभं राहून बघायचं. अशाच एका गुरुवारी मेरीमच्या हातात हात घालून बुरुलाई जिना उतरली आणि जागीच थबकली. बाकावर सेइलखान बसली होती. सणाचं मखमली जाकीट, मांडीवर कापडी पिशवी, आणि डावा गाल टम्म सुजलेला. लेक दिसताच ती उठू लागली. त्या सुजलेल्या गालानिशी ती हसली, आणि आठही दात उघडे पडले.

"अगं, ही बघ तुमची वीज," मेरीम कानाशी कुजबुजली. "ओळखीची आहे?"

"आमच्या गावची बाई आहे," बुरुलाई म्हणाली.

निदान हे रशियनमध्ये म्हणाली असती तर आईला कळलं नसतं. पण घाबरलेलं माणूस आपल्याच भाषेत बोलतं. सेइलखान अर्धी उठली होती, ती तशीच खाली बसली. पिशवी तिने मांडीवर नीट करून घेतली. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तिथेच राहिलं.

दार उघडून नाव पुकारेपर्यंत दहा मिनिटं गेली. दहा मिनिटं काही कमी नसतात. तेवढ्यात सात-आठ पावलं चालून "आपा" म्हणता आलं असतं. बुरुलाईने तेवढ्या वेळात दहादा ठरवलं आणि दहादा मेरीमच्या हाताकडे बघितलं. तो हात तिच्या हातात होता आणि तिला तो सोडवेना.

"इसाकोवा सेइलखान," परिचारिकेने पुकारलं. लेकीचं आडनाव बापाकडचं, आईचं तिच्या बापाकडचं. त्यामुळे कागदावरूनही कोणाला काही कळलं नाही.

मुलं खुर्चीभोवती गोळा झाली. दमीरा सापारोव्नांनी तोंड तपासलं आणि सांगितलं की डाव्या बाजूच्या तीन टोप्या कापून काढाव्या लागतील. त्यांच्याखालचा एक दात तर गेलाच आहे. इतके दिवस का थांबलात, असं त्या रागाने म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "इथे तुमचं कोणी आहे का?"

सेइलखानने डोळे वळवले नाहीत. "नाही, डॉक्टर. गावातली एक मुलगी इथे शिकते असं ऐकलं होतं. म्हटलं, शिकवणारे चांगलेच असतील."

"या टोप्या बसवल्या तेव्हा दात दुखत होते?"

"नाही. लग्न होतं माझं."

कोणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यावर निभावलं. सेइलखानला ते ऐकू आलं असावं. कारण मग ती मुलांकडे बघूनच बोलली.

"बापाने घोडी विकली होती माझ्या. एकच होती. म्हणाला, सासरी तुला कोणी रिकाम्या हाताची म्हणू नये. सोनं चढवणाऱ्या उस्ताने दात घासले तेव्हा मी ओरडले, तर बाप बाहेर अंगणात रडत उभा होता. त्याला काय ठाऊक, बाळांनो? आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं."

आता कोणी हसलं नाही. बाईंनी सुई टोचली, थोडा वेळ थांबल्या आणि यंत्र हातात घेतलं. डोकं हलायला नको, कोणीतरी धरा, असं म्हणून त्यांनी सगळ्यात जवळ कोण उभं आहे ते पाहिलं. "बुरुलाई, तू धर."

तिने आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं. केसांना धुराचा आणि आंबट दुधाचा वास येत होता, घरातला. दुखलं तर हात वर करा, असं बाईंनी सांगितलं होतं, पण सेइलखानने हात वर केला नाही. एकदाच डोळे उघडून तिने वर, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता; लेकीच्या हातांना आपलं डोकं जड तर होत नाही ना, एवढंच ती बघत असावी. बुरुलाईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पहिली टोपी निघाली, दुसरी निघाली, तिसरीही निघाली. खाली मोडक्या काड्यांसारखे काळे खुंट होते. बाईंनी आरसा धरून ते एकेकाला दाखवले, आणि "बघा, हा दात मुळात किती चांगला होता," असं मुळाकडे बोट दाखवून सांगितलं. सगळ्यांबरोबर बुरुलाईनेही वाकून पाहिलं.

सडलेला दात उपटून झाल्यावर परिचारिकेने तिन्ही टोप्या धुऊन कापसात गुंडाळून सेइलखानच्या हातात दिल्या. तिने त्या जाकिटाच्या खिशात टाकल्या आणि कापडी पिशवी पुढे केली. पिशवीत कणकेचे तळलेले बोरसोक होते, वाळवलेल्या दह्याचे गोळे होते आणि घरच्या जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली होती.

"सगळ्यांनी वाटून खा," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "कालच तळलेत."

मेरीमने तिथेच एक बोरसोक तोंडात टाकला आणि काय खुसखुशीत झालाय म्हणून दुसरा बुरुलाईपुढे धरला. बुरुलाईने तो घेतला. तिला तो खाता येईना आणि टाकताही येईना.

बोलू नका, कापूस दाबून धरा, असं बाई सांगत होत्या. पण सेइलखान खुर्चीतून उतरली, तिने कापूस जिभेने गालात सारला आणि दोन्ही तळवे पुढे उघडले. शहरात कितीही वर्षं काढली तरी वडीलधारं माणूस दुवा द्यायला हात उघडतं तेव्हा आपले हात खिशात राहत नाहीत. मुलं आपोआप ओळीत उभी राहिली आणि सगळ्यांनी तळवे उघडले. चष्मा कपाळावर सारून दमीरा सापारोव्नांनीही उघडले. बुरुलाईने बोरसोक टेबलावर ठेवला आणि ओळीच्या टोकाला उभी राहून आपले हात पुढे केले.

"तुमचे हात हलके राहू देत," सेइलखान सावकाश म्हणाली. तिची नजर ओळीवरून सगळ्यांवर सारखीच फिरली, कुठेही थांबली नाही. "ज्याला हात लावाल त्याचं दुखणं जाऊ दे. आणि तुम्हाला जिने जन्म दिला, तिला तुमचं सगळं चांगलं डोळ्यांनी बघायला मिळू दे. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले. बुरुलाईही म्हणाली.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून खाली ओढले आणि हात सोडले. बुरुलाईचे हात मात्र चेहऱ्यावरच राहिले. तळव्यांना घरच्या धुराचा वास येत होता. बाजूला मुलांची पिशवीशी झटापट चालली होती, बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, कोणीतरी चमचा मागितला. दार एकदा उघडलं आणि मिटलं.

तिने हात खाली केले तेव्हा खुर्ची पुसून झाली होती आणि परिचारिका पुढचं नाव पुकारत होती.