बफरमधला थेंब

माझा हात वाईट आहे, असं आमच्या प्रयोगशाळेत दोन महिने सगळे म्हणत होते. तोंडावर नाही, जेवणाच्या सुट्टीत. एकोणीस वर्षं जिच्या हातांनी इथली निम्मी यंत्रं चालली, तिचा हात एका पावडरीपायी वाईट ठरला.

पावडर म्हणजे आमच्या सरांचं औषध. अजून ते औषध झालेलं नव्हतं, पण सर त्याला औषधच म्हणायचे. प्रोटीज नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं, आणि शरीरात नको तिथे सुटलं की चांगले अवयव नासवतं. त्याला अडवणारा पदार्थ, म्हणजे इनहिबिटर, शोधण्यात सरांची तीन वर्षं गेली होती. चाचणी तशी सोपी. प्लेटच्या इवल्या इवल्या खान्यांत पावडर आणि एन्झाइम घालायचं, वर एक रसायन टाकायचं. एन्झाइमने ते रसायन कापलं की खाना पिवळा होतो. अडवलं गेलं असेल तर पाण्यासारखा राहतो. सरांची विद्यार्थिनी, जिला तिच्या उंचीमुळे सगळे शिडी म्हणतात, तिचे खाने कायम पाण्यासारखे. माझे पिवळेधमक.

"ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय का?" सरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

"वाढलाय," मी म्हटलं. "पण पिवळं अजून पिवळंच दिसतंय."

मग एका मंगळवारी माझा बफर संपला. ज्या मोजूनमापून केलेल्या खारट पाण्यात हे सगळं चालतं त्याला बफर म्हणतात. मी शिडीची बाटली उचलली, प्लेट लावली, आणि अर्ध्या तासाने माझेही खाने स्वच्छ. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बसला एकदाचा ताईंचा हात," म्हणाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. माझा मात्र जळफळाट झाला. हात काय एका दुपारीत बसतो? बदलली होती ती फक्त बाटली.

दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून मी बघत बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. माझ्या बफरमध्ये डिटर्जंटचा एक थेंब असतो. एन्झाइम प्लॅस्टिकला चिकटून वाया जाऊ नये म्हणून तो घालायला मला आधीच्या सरांनी शिकवलं होतं. इतकी वर्षं घालत आले की वहीत लिहायचं सुचलंच नाही. भाजीत मीठ घातलं हे कोण लिहून ठेवतं? पण प्रयोगशाळेत ते लिहायचं असतं. ती चूक माझी, आणि ती मी नाकारत नाही.

मग थेंबाचा अर्थ लागला. सरांची पावडर पाण्यात नीट विरघळतच नव्हती. डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या गुठळ्या होत होत्या, एन्झाइम त्या गुठळ्यांना चिकटून बसत होतं, आणि आम्ही म्हणत होतो, बघा, औषधाने अडवलं. डिटर्जंटने गुठळ्या फुटल्या की एन्झाइम सुटून पुन्हा कामाला लागायचं. खात्रीसाठी मी दुसरंच एक प्रोटीज घेतलं, कपड्यांच्या साबणात घालतात त्यातलं. सरांच्या पावडरीने त्यालाही तसंच धरून ठेवलं आणि थेंब पडताच सोडलं. खरा इनहिबिटर असा दिसेल त्याच्या गळ्यात पडत नाही.

मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सर मूर्ख नाहीत. दुसऱ्याच वाक्याला त्यांना कळलं, कारण त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाला बोललात?"

"तुम्हालाच."

"मग तो थेंब घालू नका." ते परत बसले. "गुरुवारी कंपनीची माणसं येतायत. चाचणी तुम्ही करून दाखवा, साध्या बफरमध्ये. वहीवर शिडीच्या जोडीला तुमचीही सही असली की त्यांचं समाधान होईल. बाकीचं आपण नंतर निस्तरू."

"आणि नाही केली तर?"

"तर प्रकल्प बंद. पहिली खुर्ची कुणाची जाईल ते मी सांगायला नको."

खरंच नको होतं. माझी नेमणूक प्रकल्पापुरती. नावामागे डॉक्टर नाही, वय सत्तेचाळीस, आणि घरी लेकीच्या कॉलेजची अजून दोन वर्षं बाकी.

माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून घरी आलेला माणूस कुणाशी वाद घालत नाही. कपडे वाळत घालता घालता मी त्याला सगळं सांगितलं.

"अगं, एक थेंब तर आहे," तो म्हणाला. "नको घालूस. सही कर आणि मोकळी हो."

"तुमचा शिकाऊ परीक्षेला बसला, तर त्याला पास करायला शेजारी बसून तुम्ही चोरून ब्रेक दाबाल?"

"माझं लायसन जाईल."

"आणि तो पास होऊन रस्त्यावर आला म्हणजे?"

त्याने चिमटे लावायचे थांबवले. मग म्हणाला, "पगार थांबला तर सकाळची एक जास्तीची तुकडी घेईन मी. पण घरी येऊन रडायचं नाही." मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम वाटलं की ओला टॉवेल त्याच्याच खांद्यावर टाकून मी आत गेले.

गुरुवारी कंपनीचे तिघे आले. दोन पुरुष, आणि त्यांच्यावरची एक पिकल्या केसांची बाई. मी प्लेट घेतली. पहिली रांग साध्या बफरची, सरांनी सांगितली होती तशी. दुसरी माझ्या बफरची.

"ताई, दुसरी रांग कशाला?" सरांनी हसत विचारलं. हसू ओठांपुरतंच होतं.

"ताडून बघायला."

दहा मिनिटांत दुसरी रांग पिवळी होत गेली. पिकल्या केसांची बाई खाली वाकली. "इथे काय वेगळं आहे?"

"काही नाही," सर म्हणाले. "त्यांच्या बाटलीत भेसळ झालीय. जुन्या सवयी असतात एकेकाच्या."

भेसळ म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भेसळ नाही," मी म्हटलं. "डिटर्जंट आहे, मी मोजून घातलंय. त्याने एन्झाइम सुटतं, कारण तुमचं औषध अडवत नाहीये, नुसतं चिकटतंय. पोटात गेल्यावर ते काय करेल हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, दोन्ही मला. मग फाइल मिटली, सरांशी हात मिळवला आणि तिघे निघून गेले. चहाचे कप तसेच राहिले.

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

"बरं."

मी वही उघडली. शिडीच्या बाटलीचं ते एक पान सोडून गेल्या दोन महिन्यांच्या माझ्या प्रत्येक पानावर आजची तारीख घालून लिहिलं, बफरमध्ये डिटर्जंट होतं, नोंद राहून गेली होती. मग आजच्या दोन्ही रांगा शाईने उतरवल्या. सही केली. वही त्यांच्याकडे फिरवली.

"प्रकल्पप्रमुखाची सही इथे लागते."

"आणि नाही केली तर?"

"तर मी बसते." मी स्टूल ओढलं आणि बसले. नोकरी गेलीच होती, मला कसली घाई?

शिडी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिच्या प्रबंधाची तीन वर्षं त्या पहिल्या रांगेत होती. डोळे लाल झाले होते तिचे. ती आपल्या टेबलाकडे गेली, स्वतःच्या तीन जाडजूड वह्या उचलून आणल्या आणि माझ्या वहीशेजारी ठेवल्या.

"सर, या सगळ्या पुन्हा कराव्या लागतील," ती म्हणाली. "ताई, थेंब नक्की केवढा घालायचा, ते आधी मला लिहून द्या."

मी तिला शेजारचं स्टूल पुढे केलं आणि लिहायला घेतलं. सर पेन हातात घेऊन उभेच होते.