‘ऐकलंत का’च्या पुढचं

मी कपाट बोलतोय. खरं तर ‘बोलतंय’ म्हणायला हवं, कारण ‘ते’ कपाट. पण ज्या घरात एका मिशीवाल्या पुरुषाने बाईच्या आवाजावर तीस वर्षं संसार चालवला, तिथे माझं व्याकरण कोण तपासत बसणार? चालवून घ्या.

दोन दारं, एक कप्पा, तळाला एक खण आणि डाव्या दाराला आतून आरसा. सुताराने मला उभं केलं तेव्हा बजावलं होतं, “हे नातवंडांना पुरेल. फक्त सारखं हलवू नका.” मग नव्यानेच लग्न झालेली बाई पुढे आली. तिने माझं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि नवऱ्याला हाक मारली, “अहो, ऐकलंत का? यात आवाज काय छान घुमतो!”

माझ्या रिकाम्या पोटात कपड्यांच्या आधी तिचा आवाज पडला. तो मी नीट ठेवलाय. ‘ऐकलंत का’मधला ‘का’ किंचित वर जायचा. पायरी आहे समजून पाय उचलावा आणि पायरी नसावी, तसा. मग क्षणभर थांबून ती पुढचं सांगायची.

मालक तेव्हा विमा कचेरीत होता आणि लोकांच्या नकला करायचा. साहेबाची, शिपायाची, शेजाऱ्याच्या शिंकेचीसुद्धा. तेवढ्यावर त्याला टीव्हीवर दर गुरुवारी दहा मिनिटं मिळाली. पहिले तीन गुरुवार कुणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, “घरातलं काहीतरी करा हो. लोकांना घरातलं आवडतं.”

घरातलं म्हणजे काय, तर बायको. चौथ्या गुरुवारी सकाळी त्याने माझ्यातून तिची तपकिरी शाल काढली, डोक्यावरून घेतली आणि माझ्या आरशासमोर उभा राहिला. “अहोऽऽ, ऐकलं का होऽऽ!” तो बिचारा ‘का’ त्याने पार छताला नेऊन टांगला. अस्सल आवाज माझ्या पोटात होता, त्यामुळे मला तरी ते सोंग कानाला टोचलं.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली. उगाच खोटं का सांगू, त्या दिवशी ती मनापासून हसली.

“मी अशी बोलते?”

“थोडी.”

‘आमची ही’ घराघरांत पोचली. त्या दहा मिनिटांत ‘ही’ला एवढं एकच वाक्य होतं. ते आलं की हशा उसळायचा, मालक शाल फेकून नवरा व्हायचा आणि दोन्ही कानांत बोटं घालायचा. ‘ही’ पुढे काय सांगणार होती, हे कुणी विचारलं नाही. ते लिहिलेलंच नव्हतं.

शाल परत यायची तेव्हा तिला रंगभूषेच्या पावडरचा वास असायचा. बाई ती धुवायची, वाळवायची आणि घडी करून ठेवायची. पुन्हा अंगावर मात्र तिने ती कधी घेतली नाही.

मग बाहेरचं सुरू झालं. तिने तोंड उघडायच्या आधीच दुकानदार ओठ दाबून हसायला लागायचा. लेकीच्या शाळेत वर्गशिक्षिकेने पालकांच्या सभेतच गळ घातली, “एकदा म्हणून दाखवा ना!” तिने म्हणून दाखवलं नाही, तर त्याचंही लोकांना हसू आलं. हळूहळू ती चिठ्ठी लिहून सामान आणायला लागली. घरात मालकाला बोलवायचं तर दाराच्या चौकटीवर टकटक करायची. मालक एका मुलाखतीत म्हणाला, “आमची ही टीव्हीवर एवढं बोलते, की घरी बोलायचं काही उरतच नाही!” त्यावर टाळ्या पडल्या.

बोलायचं उरलं होतं. ते सगळं माझ्याकडे यायचं. घड्या घालता घालता ती दार उघडं ठेवून मला पूर्ण वाक्यं सांगायची. माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं तोंड एकदा लागलं की लागलं.

पुढे गुरुवारचा कार्यक्रम संपला आणि मालक कार्टूनला आवाज द्यायला लागला. एक कोंबडी होती, जाडजूड आणि भांडखोर. आवाज अर्थात तोच. पोरं त्या कोंबडीवर जीव टाकायची. अठरा वर्षं ती अंडी घालत होती आणि ‘ऐकलं का होऽऽ’ म्हणत होती.

आता जे सांगतो ते घरात कुणाला माहीत नाही.

एका दुपारी बाई माझ्या आरशासमोर उभी राहिली. जबड्याखाली दोन बोटं टेकवून म्हणाली, “अहो, ऐकलंत का? गळ्याला इथे गाठ लागतेय हाताला.” थांबली. मग पुन्हा, जरा हसून, “अहो, ऐकलंत का...” तीन दिवस तिची तालीम चालली. नटाची बायको शेवटी. ‘जरा बसा ना’ म्हणून पाहिलं, ‘तुमच्याशी बोलायचंय’ म्हणून पाहिलं. पण जिभेचं वळण कुठं जातंय? गाडी त्याच वाक्यावर यायची.

चौथ्या दिवशी मालक घरी आला. बुटांच्या नाड्या सोडत होता. लेक टेबलाशी अभ्यास करत होती. बाई माझं दार लोटून बाहेरच्या खोलीत गेली. कित्येक वर्षांनी तिने टकटक न करता तोंडाने हाक मारली.

“अहो, ऐकलंत का?”

“ऐकलं का होऽऽ!” मालक खाली वाकलेलाच ओरडला आणि स्वतःच हसत सुटला. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनातही नव्हतं, सवयच ती. लेकही हसली. जरा वेळाने बाईपण हसली.

“काय म्हणत होतीस?”

“काही नाही. चहा टाकते.”

तिचं दुखणं चार महिन्यांनी डॉक्टरांच्या तोंडून घरात कळलं. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी यायला हवं होतं.” ती आधी आली होती हो. बाहेरच्या खोलीपर्यंत आली होती. शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला आणि सहा महिन्यांनी ती गेली.

मालक सत्तरीला आला, गुडघे गेले, स्टुडिओचे जिने झेपेनात. मग स्टुडिओनेच एका तंत्रज्ञाला घरी पाठवलं. तो खोल्याखोल्यांत टाळ्या वाजवून कान लावत फिरला आणि माझ्यापाशी थांबला. “सर, याच्या आत बसा. आवाज अजिबात घुमत नाही. फक्त हे कपडे काढू नका, तेच आवाज पितात.” खालचा खण निघाला, स्टूल आलं, माइक आला. बाईच्या कोटांमध्ये आणि शालींमध्ये बसून मालक कोंबडी बोलायला लागला.

लेक खोकी घेऊन आली. “बाबा, आईचे कपडे आता देऊन टाकूया. किती दिवस ठेवायचे?”

“कामाला लागतात गं.”

हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. मालकाला एक गोष्ट कळून चुकली होती. घरात शेकडो चित्रफिती होत्या आणि कॅमेरा कायम त्याच्यावर होता. बाई असलीच तर कडेला, तोंड मिटून. तिचा आवाज उभ्या जगात कुठेच नव्हता. होती ती फक्त कोंबडी.

म्हणून तो आवाज शोधायला लागला. आधी ताण काढला. मग पट्टी खाली आणली. तिच्या हिरव्या कोटात तोंड खुपसून पुन्हा पुन्हा तेच वाक्य. कानातल्या यंत्रातून दिग्दर्शक वैतागायचा, “सर, कोंबडी आजारी आहे का? जुनं द्या ना, ताणलेलं.” मालक यंत्र काढून ठेवायचा.

आणि गेल्या महिन्यात एका रविवारी तो आवाज आला. ‘का’ किंचित वर गेला, पायरी नव्हती तिथे. माझी फळीन् फळी शहारली.

“आले गं आई!” स्वयंपाकघरातून लेक ओरडली.

भांडं पडलं. पावलं धावत आली. दार उघडलं. ओल्या हातांनी ती उभी, आणि आत स्टुलावर म्हातारा बाप.

“बाबा, परत म्हणा.”

तो म्हणाला. ती खाली फरशीवरच बसली.

“पुढे?”

“पुढचं मला ठाऊक नाही गं,” मालक म्हणाला. “तेवढ्यात सगळे हसायचे ना.”

कपडे न्यायचं लेकीने पुन्हा काढलं नाही. आता मालक रोज माझ्यात बसून ते वाक्य पुरं करायला बघतो. “अहो, ऐकलंत का? किल्ली सापडली.” नाही. “अहो, ऐकलंत का? पडदे धुवायला काढू का?” हेही नाही. जन्मभर नट होता, खोटं वाक्य त्याला लगेच कळतं. म्हणतो, “हे तिचं नाही,” आणि पुन्हा सुरुवात करतो.

मला भीती वाटते. तो फार जवळ आलाय. आवाज माणसाला आपल्यासोबत ओढत नेतो. चार दिवस झाले, ते वाक्य म्हणताना त्याची दोन बोटं आपोआप जबड्याखाली जातात. काल तो म्हणाला, “अहो, ऐकलंत का? गळ्याला...” आणि गप्प झाला. बोटं तशीच होती. आज सकाळी त्याने स्टूल पुन्हा आत ओढलंय.

माझा त्याच्यावर राग आहे. तो राग काही जायचा नाही. पण त्याचं वय बघा, आणि सांगा, हे ओझं आता त्याच्या डोक्यावर कशाला?

बाईने विश्वासाने ठेवलेलं मी तुमच्यासमोर उघडं केलं, कारण मला त्याच्याशी बोलता येत नाही आणि तुम्हाला येतं. माणूस प्रसिद्ध आहे, कुठेतरी भेटेल. हल्ली तो ज्याला त्याला विचारतो, “आमची ही काय म्हणत असेल हो?” लोकांना वाटतं, विनोद करतोय. तुम्ही हसू नका. सांगा, फार काही नव्हतं. गॅस बंद केलात का, एवढंच विचारत होती.