पातेलं तिचं, मी त्याची

एक होती इसिल्मा, एक होता तिचा धाकटा भाऊ ऑस्बर्ट. एक होतं त्यांच्या आईचं भलंमोठं बिडाचं पातेलं आणि त्यावर होते मी. मी त्या पातेल्याची झाकणी बोलतेय. म्हणजे, झाकणीच असेन. मध्यंतरी मला इतकं काय काय करायला लावलं, की माझं मलाच नक्की सांगता येईना.

जन्म माझा नेव्हिस बेटावरचा. लग्न असो की मयत, आमच्यात बोकडाचं पाणी शिजायचं. नाव ऐकून हसू नका. मटणाचा पातळ रस्साच तो; लवंगा, नीरफणसाच्या फोडी, पिठाचे गोळे घातलेला. अंगणात चूल मांडून तो पुरुषांनीच करायचा आणि बायांनी नावं ठेवायची, ही आमच्याकडची रीत. माझ्यावर धोंडा ठेवायचे, की वाफेची काय बिशाद बाहेर यायची!

पुढे मुलं इंग्लंडात लीड्सला गेली, त्यांच्यामागे आई, आईमागे आम्ही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं एकदा दोघांना जवळ बोलावलं. "पातेलं इसिल्माचं," ती म्हणाली. मग मला चाचपलं. "आणि ही ऑस्बर्टची." एवढं बोलून कूस बदलली. मुद्दाम म्हणाली, की औषधाच्या गुंगीत? विचार करकरून मी थकले.

आईला मूठमाती देऊन आल्या आल्या दोघांची जुंपली.

"झाकणी ठेव इथं," इसिल्मा म्हणाली.

"आईनं मला दिलीय."

"पातेल्याविना काय करणारेस तिचं? डोक्यावर घालणारेस?"

"घालीन!"

तेव्हापासून अकरा वर्षं अबोला.

ऑस्बर्टकडे मी काय काय झाले! बर्फात पोरांनी माझ्यावर बसून घसरगुंडी केली. मिरवणुकीत ऑस्बर्टनं मला लोखंडी सळईनं बडवलं, लोक नाचले. मी झाकणी की झांज? कुणाला विचारणार!

दर ऑगस्टात उद्यानात आमच्या बेटांवरच्या लोकांची जत्रा भरते. पिसांचे मुकुट, ढोल, भाजलेली कणसं. वाटेच्या अलीकडे इसिल्माची राहुटी, पलीकडे ऑस्बर्टची. दोन्हीकडे बोकडाचंच पाणी. ती आईच्या पातेल्यावर पावाचा ट्रे झाकायची. त्याच्या विकतच्या पातेल्यावर मी तिरपी बसायचे, वाफ निम्मी निघून जायची. बाईमाणसानं केलंय म्हणून म्हातारे इसिल्माकडे नाक मुरडायचे आणि वाडगा पुन्हा पुढे करायचे.

बोलणं व्हायचं ते इसिल्माच्या नातीमार्फत, शनीसमार्फत.

यंदा शनीस येऊन म्हणाली, "मामाआजोबा, आजी कायमची बेटावर चाललीय. तिचं सामानाचं निळं पिंप उद्या जहाजावर चढतंय. पातेलंही त्यातच जाणार."

ऑस्बर्टनं हातातला कांदा सालासकट चिरला. मी गार पडले. पातेलं समुद्रापार गेल्यावर मी कुणाची झाकणी?

दुपारी मिरवणूक उद्यानात शिरली आणि पावसानं गाठलंच. वारा असा सुटला, की इसिल्माच्या राहुटीचं कापड उलटं झालं, ट्रे उडून चिखलात पडला. उकळत्या रश्श्यात वरून गार पाणी पडलं, की आमची माणसं तो तोंडात घेत नाहीत. इसिल्मा पातेल्यावर ओणवी झाली, पाठीनं पाऊस अडवू लागली.

ऑस्बर्टनं मला उचललं. डोक्यावर धरलं, खरंच डोक्यावर, आणि वाट ओलांडून धावला. तिला बाजूला सारून मला पातेल्यावर ठेवलं. टक्! अकरा वर्षांनी कड कडेला लागली.

तो तिथंच उभा राहून वाफ हुंगत होता. "शनीस, सांग तुझ्या आजीला, लवंगा कमी आहेत."

"सांग तुझ्या मामाआजोबांना, नाक चोंदलंय त्यांचं."

"मी भिजतेय!" शनीस ओरडली. "तुमचं तुम्ही बोला!" आणि झाडाखाली पळाली.

आता? दोघं माझ्याकडेच बघत बसली. मी काय बोलणार?

वाऱ्यानं मी थडथड हलू लागले. मग इसिल्मानं घसा खाकरला.

"ऑस्बर्ट, धोंडा ठेव."

त्यानं ठेवला. माझी थडथड थांबली.

त्या दिवशी रांग पार फाटकापर्यंत गेली. संध्याकाळी इसिल्मानं पातेलं घासून पिंपात घातलं. ऑस्बर्टनं मला शर्टानं पुसून वर ठेवलं. "हिलाही ने. पातेल्याविना माझ्याकडे काय करणारे ती?"

"आणि तिकडे रस्सा कोण करणार? पुन्हा मी? म्हाताऱ्यांची बोलणी खायला?"

"मग?"

"मग काय मग! आईच्या घराला दोन खोल्या आहेत."

आज मी नेव्हिसला आहे. पिंपात की पाठोपाठ ऑस्बर्टबरोबर विमानात, कशी आले ते धड आठवत नाही. अंधार होता एवढं खरं. माणसांनो, एक विनवणी आहे. जोडीनं घडलेलं तोडून वाटायचं असेल, तर ते का, एवढं सांगून जा. की आई, दोघांना एकमेकांची गरज पडावी, हे तू त्या वाटणीतच सांगितलं होतंस?

बंद पडलेल्या घराची दारं उघडली आहेत. शनीस सुट्टीला आलीय. अंगणात चूल पेटलीय, माझ्यावर धोंडा आहे, आणि बहीणभाऊ लवंगांवरून भांडताहेत, थेट एकमेकांशी.