पहिलं घर, जे त्यांचं नव्हतंच

गुरुदत्तराव काकिर्डे प्लेनोच्या एका हॉटेलात घरांच्या व्यवहारांवरचा दोन दिवसांचा सेमिनार करून आले, ते तिथल्या टिपणांचं भलंथोरलं बाइंडर छातीशी धरूनच. चेहऱ्यावर असं तेज, की नवस फेडून आलेत असं वाटावं.

"घर आपलं नाही, पैसे आपले नाहीत, मधला कागद तेवढा आपला!" जेवताना त्यांनी जाहीर केलं. "ज्याला घाईने घर विकायचंय त्याच्याशी करार करायचा आणि तो करार तिसऱ्याला विकायचा. वरचे पैसे आपले. होलसेलिंग म्हणतात याला."

"होलसेलमध्ये एकच घर?" त्यांच्या दहावीतल्या लेकीने, निधीने विचारलं.

"अहो, तुम्ही पुण्यात कोथिंबीरसुद्धा भाव न करता आणायचात," मालिनीताईंनी पोळी वाढत आठवण करून दिली.

पण गुरुदत्तराव पेटले होते. 'घरं विकत घेतो' अशा पिवळ्या पाट्या त्यांनी आपल्या गारलंड गावच्या चौकाचौकांत रोवल्या, आणि चक्क तिसऱ्या दिवशी फोन आला. मिसेस हेगन. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा गेलेला, गुडघ्यांनी संप पुकारलेला. शेजारच्या राज्यात, टल्साला, बहिणीच्या इमारतीत एक खोली रिकामी होती, पण तीस तारखेपर्यंतच. त्याआधी घर विकून पैसे भरले नाहीत तर खोली दुसऱ्याला जाणार. गुरुदत्तरावांनी करारावर सही केली आणि "काळजी करू नका" असं इंग्रजीत सांगितलं. छातीवर ठेवलेला हात मात्र अस्सल मराठी होता.

आता गिऱ्हाइकं हवीत. बाइंडर म्हणत होतं, यादी करा. गुरुदत्तरावांनी महाराष्ट्र मंडळाची डिरेक्टरी उघडली. भाड्याने द्यायला घर घेतो म्हणणारी आठ कुटुंबं त्यात सापडली! रविवारी सगळ्यांना घर दाखवायला बोलावलं, सोबत चहा आणि मालिनीताईंची साबुदाण्याची खिचडी.

पहिले आले विवेक दाबके. नमस्कारही न करता त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं, दारात उभे राहिले, आणि दोन पावलं मागे सरकले.

"गुरुदत्त, अरे, दार दक्षिणेला!"

"पण तुला कुठे राहायचंय? भाड्याने द्यायचंय ना?"

"भाडेकरूचं वाटोळं झालं तर भाडं कोण देणार? तू?"

मग बाकीचेही एकेक करून दारातून सूर्य कुठे आहे ते आकाशाकडे बघू लागले. घराचं सगळ्यांनी कौतुक केलं. खिचडीचं जरा जास्तच केलं. त्यांच्यातल्या वसुधाकाकूंनी तर डबा भरून घेतला. आणि जाताना प्रत्येकजण म्हणाला, "बघू हं, कळवतो."

"बाबा, तुझ्या बाइंडरमध्ये साउथचं चॅप्टर नाहीये का?" रिकामी पातेली गाडीत ठेवताना निधीने विचारलं. गुरुदत्तरावांनी गाडी सुरू केली, रेडिओ मात्र लावला नाही.

बाइंडरमध्ये एक वेगळं पान होतं: गिऱ्हाईक मिळालं नाही तर करार रद्द करून बाजूला व्हा. बुधवारी ते पान उघडून ते बसले होते, तेवढ्यात मिसेस हेगनचा फोन आला. कपबशा बांधून झाल्या, पडदे ठेवून जाऊ का, नव्या लोकांना आवडतील का? गुरुदत्तराव म्हणाले, "हो, ठेवा." फोन ठेवून त्यांनी ते पान मिटलं.

समोर बसलेल्या निधीला या वेळी हसू आलं नाही. "बाबा, ही यादी आपल्या ओळखीच्यांची आहे यार. घर घेणाऱ्यांची नाही. जे घरं दुरुस्त करून विकतात त्यांना विचार ना."

"मी? अनोळखी माणसांना?"

"मी येते. पण बोलायचं तू."

शनिवारी सकाळी सहाला, घरदुरुस्तीवाले सामान न्यायला येतात तेव्हा, बापलेक हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभे. पहिल्या ट्रकवाल्याशी गुरुदत्तराव इतकं हळू बोलले, की यांना गाडी काढायचीय असं वाटून त्याने जागा करून दिली. दुसरा हसून निघून गेला. तिसरा ऑर्टिझ. भिंती बांधायचा आणि जुनी घरं घेऊन विकायचा. त्याने छप्पर विचारलं, पाया विचारला.

"मागच्या भिंतीला तडा आहे," गुरुदत्तरावांनी लगेच सांगून टाकलं. "स्वयंपाकघरात पाणीही गळतं."

निधीने डोळे मिटले. बाबा असाच कोथिंबीर घ्यायचा तर!

ऑर्टिझ मात्र मोठ्याने हसला. "तू मला घर विकतोयस की घाबरवतोयस?" दुपारी तो येऊन पाहून गेला आणि तडा मोजून त्याने आकडा कमी केला. गुरुदत्तरावांनी स्वतःसाठी धरलेल्या सहा हजार डॉलरांतले नऊशेच उरले. मिसेस हेगनच्या पैशांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

एकोणतीस तारखेला सह्या झाल्या. मिसेस हेगनने किल्ली गुरुदत्तरावांच्या तळहातावर ठेवली, वरून दोन्ही हातांनी मूठ मिटली आणि म्हणाली, "तुम्ही इथे सुखात राहा."

गुरुदत्तरावांनी मधल्या कागदाबद्दल समजावायला तोंड उघडलं. निधीने त्यांच्या पायावर पाय दिला.

"थँक यू," गुरुदत्तराव म्हणाले, आणि मिसेस हेगनना दारापर्यंत सोडायला गेले.