मुंग्या न येणारी खोली

मागच्या खोलीत मुंग्या येत नव्हत्या. पुष्पाबाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा आधी त्यांना बरंच वाटलं. बाईमाणसाला स्वच्छ खोलीचं कौतुक असतंच, त्यात नवल नाही.

घर जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. बाकी घरावर टिनाचे पत्रे, मागची खोली तेवढी स्लॅबची. त्यामुळे जे जपायचं ते सगळं तिथं. गव्हाची पोती, तुरीची डाळ, गुळाची भेली, आणि पोळ्याच्या सणापासून एक निळा ड्रम. दोनशे लिटरचा, जुना, भंगारवाल्याकडून आणलेला. शेतात उभ्या ट्रॅक्टरमधून दोनदा डिझेल चोरीला गेल्यावर पुष्पाबाईंचे यजमान भागवतराव इरेला पेटले आणि डिझेल सरळ घरात आणून ठेवलं. ‘आता करा म्हणा चोरी,’ असं ते पारावर महिनाभर सांगत होते. असा मजबूत ड्रम आख्ख्या गावात नाही, हेही सांगत होते. भागवतरावांना एखादी वस्तू आवडली की ती गावाला आवडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

ड्रममधून कॅनमध्ये डिझेल काढायची त्यांची पद्धत बापजाद्यांची. पाइपचं एक टोक ड्रमात, दुसरं तोंडात, गाल आत ओढून एक दम घ्यायचा. डिझेल ओठाशी आलं की पाइप झटक्यात कॅनमध्ये. चुकून घोटभर तोंडात गेलंच तर थुंकायचं आणि वर गुळाचा खडा खायचा. बाजारात हातपंप मिळतो हे त्यांना ठाऊक होतं, पण हातपंपवाल्याला ते ट्रॅक्टरवाल्यांत धरतच नसत.

आता त्या खोलीला वेगळंच महत्त्व आलं होतं. लेक अर्पिता सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायचं ठरलेलंच. येत्या रविवारी ती वडनेर भोलजीच्या सासरहून यायची होती आणि तिची खाट याच खोलीत पडायची होती. पुष्पाबाई खोली झाडायला गेल्या आणि तिथंच त्यांचं मन खट्टू व्हायला लागलं.

गुळाची भेली उघडी पडलेली होती. फडकं कधी सरकलं कोण जाणे. पण भेलीवर एक मुंगी नव्हती. गव्हाच्या पोत्यांमागे दरवर्षी उंदरांच्या लेंड्या मूठमूठ निघत, यंदा एक नाही. ड्रमच्या मागे एक पाल भिंतीलगत उताणी पडलेली होती, वाळून पापडासारखी झालेली. आणि वास. डिझेलचा वास त्यांच्या ओळखीचा होता. हा त्याच्या खालून येत होता, सडक्या लसणासारखा. त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिला. खोलीत लसूण नव्हताच.

“अहो, तिथं काही जगून नाही राह्यलं,” त्यांनी जेवताना सांगितलं.

भागवतराव खो खो हसले. “उंदीर गेले तं तू रडून राह्यली! लोकं पैसे देऊन औषध आणतेत.”

“तो ड्रम बाहेर काढा. पोरगी येऊन राह्यली.”

“बाहेर काढू अन् चोराले देऊ? डोक्यात काय भरलं तुह्या, अर्पिताची माय?”

शेजारच्या तानाबाईंना पुष्पाबाईंनी खोली दाखवली. तानाबाई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार होईनात. “हे बाहेरचं हाये,” एवढंच म्हणाल्या आणि लिंबू उतरवायला सांगून निघून गेल्या. पुष्पाबाईंनी लिंबू उतरवलं. दुसऱ्या दिवशी वास होता तसाच होता.

मग त्यांनी एक केलं. अंगणात तुळशीपाशी काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. तिच्या वाटेत त्यांनी चिमूटभर साखर टाकली. मुंग्या तुटून पडल्या. हातभर पुढं त्या भेलीतला गुळाचा खडा ठेवला. रांग खड्याजवळ आली, थबकली, दोन्हीकडे फाटली आणि चांगला वीतभर वळसा घेऊन पुढं गेली. पुष्पाबाई उन्हात उकिडव्या बसून बघत राहिल्या.

तेव्हापासून त्या नवऱ्याकडेही निरखून बघायला लागल्या. ओट्यावर बसले की सगळ्यांच्या अंगावर माश्या बसत, भागवतरावांच्या हातांवर बसत नसत. माशी यायची, जवळ घिरटी घालायची आणि निघून जायची. कार्तिकातल्या गारव्यातही त्यांच्या कपाळावर घाम असायचा. बुधवारी ते दुपारी खोलीतून बाहेर आले आणि डोळे चोळत म्हणाले, “आभाळ आलं का?”

आभाळ लख्ख होतं. पुष्पाबाईंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा वर केला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, जणू कोणी टाचणीनं टोचून ठेवल्या असाव्यात. त्यांना हात धरून घरात, अंधारात नेलं. तिथंही त्या तेवढ्याच. आपल्या चौतीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांतून दुसरंच कोणीतरी बघतंय, असं त्यांना वाटलं.

“काही नाही झालं,” भागवतराव हात सोडवून घेत हसले. पण ते हसू जरा लवकर आलं होतं.

गुरुवारी हरभऱ्याच्या पेरणीला डिझेल हवं होतं. भागवतराव कॅन घेऊन खोलीत गेले. पुष्पाबाई मागोमाग गेल्या. ड्रमचं बूच उघडताना भागवतरावांचा हात इतका थरथरत होता की बूच दोनदा खाली पडलं. त्यांनी पाइप ड्रमात सोडला आणि दुसरं टोक तोंडाकडे नेलं. पुष्पाबाईंनी ते टोक त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

“मले ओढू द्या,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात हालून राह्यला.”

“दे इकडं. बायकांचं काम नाही ते.”

“डिझेलच हाये ना? काऊन नाही मग?” आणि त्यांनी पाइप ओठांत धरला.

भागवतरावांनी असा फटका मारला की पाइप भिंतीवर जाऊन आपटला. “थुक! आधी थुक! गेलं का तोंडात? चूळ भर!”

पुष्पाबाईंनी दम ओढलेलाच नव्हता. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. भागवतरावांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“तुमाले माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

भागवतराव गव्हाच्या पोत्यावर बसले.

“त्याच्यावर जहराचा लाल तिकोन होता,” ते म्हणाले. “फवारणीच्या औषधाचा ड्रम होता. तो तिकोन मीच विळ्यानं खरडून काढला. सोड्यानं तीनदा धुतला, पुष्पा. वाटलं, इंजिनात जाते, माणसाच्या पोटात थोडंच जाते. मंग हात हालाले लागला. तवर मी गावभर सांगून बसलो होतो.”

“अन् मले म्हणत होते, डोक्यात काय भरलं!”

पुष्पाबाईंना राग आवरेना. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपल्यालाच वेड लागतंय, खोलीत कोणीतरी आहे, घराला काहीतरी लागलंय. आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो शेजारी जेवत हसत होता.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फरशीवर सांडलेल्या थेंबांचे काळे डाग होते. रोजची पोळी त्याच पोत्यांतल्या गव्हाची, रोजचा चहा त्याच गुळाचा. त्यांनी पदराला बांधलेला फोन सोडला आणि अर्पिताला लावला.

“आई! बॅग भरून ठेवली मी,” पलीकडून अर्पिताचा आवाज आला.

“बाई,” पुष्पाबाई म्हणाल्या, “तू येऊ नको.”

पहिल्या बाळंतपणाला आईनं लेकीला असं सांगितल्याचं त्या गावात कोणी ऐकलं नसेल. पलीकडून बारीक आवाजात प्रश्न आला, “बाबा रागावले का माह्यावर?”

भागवतरावांनी उठून फोन घेतला. एका हातात तो राहीना, म्हणून दोन्ही हातांनी धरला.

“नाही वो बाई,” ते म्हणाले. “तुह्या बापानं घरात जहर आणून ठेवलं. मले ठाऊक होतं अन् मी सांगितलं नाही. तू या घरात पाय ठेवू नको.”

अर्पिता ओरडलीच, “मंग तुमी दोघं अजून तिथं काऊन उभे हा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते अजून ड्रमच्या शेजारीच उभे होते, आणि बूच उघडंच होतं.